उजेड भिंगात गेल्यावर

“पोरंहो, उजेड खालून निघते, काचेवरचं अक्षर उचलते, भिंगातून वर जाते, आरशाले भेटते अन् वळून भिंतीवर उतरते. समजलं काय?”

अध्यापक विद्यालयात ओव्हरहेड प्रोजेक्टर शिकवणाऱ्या किसनसिंग राठोड सरांचा हा आवाज संघदीप पट्टेबहादूर यांच्या कानात अजून तसाच होता. “समजलं, सर!” असं साऱ्या वर्गानं म्हटलं होतं, त्यात संघदीपचा आवाज सर्वांत मोठा होता. भिंगात गेल्यावर अक्षराचं नेमकं काय होतं, हे त्याला विचारायचं होतं. पण बाकीच्यांना समजलं होतं, आणि जेवणाची वेळही झाली होती.

आता संघदीप सर कामरगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पत्नी रत्नमाला रिसोडला दवाखान्यात परिचारिका. त्यांचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालायचा. शनिवारी सर रिसोडला पोचायचे, रविवारी भाजी निवडून द्यायचे आणि निघताना म्हणायचे, “पुढच्या वर्षी नक्की बदली होते, पाह्य.” रत्नमाला मान हलवायची.

त्या वर्षी कार्यालयातून आदेश आला. शाळांना डिजिटल फळे देण्यात येणार होते. तथापि, नवीन उपकरण समजण्यासाठी त्याचे पूर्वज समजणे आवश्यक असल्याने सर्व शिक्षकांनी प्रथम ओव्हरहेड प्रोजेक्टरचे आकलन पूर्ण करावे. आकलन झाल्याशिवाय बदलीच्या यादीत नाव घेतले जाणार नाही. आकलन करवून देणाऱ्यास प्राधान्य.

सरांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि त्यांना थेट रिसोडचा बसस्टँड दिसला. ते मार्गदर्शक झाले.

प्रशिक्षण शेलूबाजारच्या एका सभागृहात ठरलं. कुठल्याशा कोठीतून यंत्र काढून आणलं होतं. मान उंच, अंगावर धूळ. लग्नात कोणी विचारत नसलेल्या म्हाताऱ्या मामासारखं ते कोपऱ्यात उभं होतं. त्यात दिवा नव्हता. दिव्याची मागणी करायची तर यंत्र बंद असल्याचा तज्ज्ञाचा दाखला हवा होता, आणि तज्ज्ञ व्हायला प्रशिक्षण पूर्ण व्हायला हवं होतं.

“दिव्यावाचून चालेल ना, सर?” प्रशिक्षणाच्या प्रमुख नीलिमा मॅडमनी विचारलं. “नियम साधा आहे. सगळ्यांनी ‘समजलं’ म्हटलं की प्रशिक्षण संपलं. एकानंही ‘नाही’ म्हटलं तर सगळ्यांना आणखी एक दिवस.”

त्यामुळे न समजण्याची शक्यता पहिल्याच मिनिटाला संपली. पण सर हाडाचे शिक्षक. लहानपणी आईच्या जात्यापाशी बसून त्यांनी ओव्या ऐकलेल्या. ते बाकावर उभे राहिले, हाताचा आरसा केला आणि गायला लागले:

तळी पेटला गं दिवा, उजेड चढे वर वर,
काचेवरचं अक्षर, घेतलं त्यानं कडेवर,
भिंगात गेल्यावर मग, गं बाई, गं बाई, गं बाई,
आरशानं वळवून टेकवलं भिंतीवर.

सभागृह डोलू लागलं. पहिल्या रांगेतल्या ज्योत्स्नाबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या तुकडीत कोरस बसला, तिसरीत कुणी ढोलकी आणली. “समजलं काय?” “समजलं!” गाणं इतकं गाजलं की मॅडमनी लेखी परीक्षा रद्द करून चालीत म्हणणाऱ्याला उत्तीर्ण केलं. ‘गं बाई’ तीनदा म्हणणाऱ्याला विशेष प्रावीण्य.

एवढे तज्ज्ञ तयार झाल्यावर दाखला मिळाला आणि समारोपाला दिवा आला.

सरांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, भिंतीवर चौकोनी चांदणं पडलं. सरांनी पारदर्शक कागद काचेवर ठेवला. ‘सुस्वागतम्’ भिंतीवर उमटलं. डोक्यावर उभं.

सरांनी हात पुढे केला. कागद फिरवावा, की आरसा, की भिंग? त्यांना ठाऊक नव्हतं. भलतंच काही फिरवलं असतं तर बदली गेली असती.

नीलिमा मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, मान हळूच खांद्यावर टेकवली, आणखी थोडी वाकवली.

“वा! किती स्पष्ट,” त्या म्हणाल्या.

मग साऱ्या माना वाकल्या. ज्योत्स्नाबाई शेजारणीच्या मांडीवर जवळपास आडव्याच झाल्या. “आता कसं बराबर दिसून राह्यलं बाप्पा!” असंही एकजण म्हणाला. मॅडमनी तिथंच सूचना काढली: प्रोजेक्टर पाहताना मान योग्य त्या कोनात ठेवण्याची जबाबदारी पाहणाऱ्याची राहील.

त्यानंतर सरांचा सत्कार झाला. “हे यंत्र पूर्ण समजलेला जिल्ह्यातला एकच माणूस,” मॅडम म्हणाल्या, “आणि म्हणून सरांना या यंत्रापासून दूर पाठवणं परवडणार नाही. त्यांची बदली आम्ही कायमची थांबवली आहे.”

टाळ्या वाजल्या. सर शाल पांघरून उभे होते. मग त्यांच्या तोंडून निघालंच.

“मॅडम, मले नाही समजलं. भिंगात काय होते, मले कधीच नाही समजलं. थे अक्षरं उलटे हायेत. म्हनून त म्या तिथं ‘गं बाई’ टाकलं.”

सवयीनं सारं सभागृह एका सुरात म्हणालं, “समजलं!”

मॅडमनी मात्र ऐकलं होतं. “असं आहे तर,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही न समजलेले. तुमचं नाव बदलीच्या यादीतून काढावं लागेल. आकलनासाठी पुढच्या तुकडीत या. इथेच. मार्गदर्शक तुम्हीच आहात.”

वाचणाऱ्यानं हसावं, हरकत नाही. पण त्या ‘गं बाई’पाशी भिंगात काय झालं, हे वर गाणं वाचताना त्यानं तरी कुठं विचारलं? चाल चांगली होती, तो पुढे गेला.

सरांनी रत्नमालाला फोन लावला. सगळं सांगितलं. उलटं ‘सुस्वागतम्’, शाल, रद्द झालेली बदली.

“ऐकून राह्यली ना?”

“हो.”

“मंग बोल ना काही. पुढच्या वर्षी नक्की करतो मी. समजून घे.”

“नाही समजत मले,” रत्नमाला म्हणाली. “दर रविवारी तुमी ‘पुढच्या वर्षी’ म्हनता अन् मी मान हलवतो. तुमाले वाटते हिले समजलं. मले एकदाबी नाही समजलं, ओ, आपन दोघं दोन गावात काहून राह्यतो. अन् तुमी एकदाबी नाही इचारलं.”