गैरमुलकी स्टूल

पेशकार काकांच्या ओसरीवर बसायच्या जागा तीन. एक त्यांची स्वतःची आरामखुर्ची. दुसरी सागवानी हातांची खुर्ची, ती मुलकी माणसासाठी. आणि तिसरं निळं प्लास्टिकचं स्टूल, ते गैरमुलकी माणसासाठी. तुम्ही मोठे अधिकारी असा नाहीतर कापसाचे व्यापारी, फाटकातून आत पाऊल टाकलं की काका चष्मा कपाळावर चढवून विचारणारच, "मुलकी का गैरमुलकी?" तुम्ही उत्तर काहीही द्या. स्वतः तसदीक केल्याशिवाय, म्हणजे खरंखोटं पाहिल्याशिवाय, ते कोणाला बसू देत नाहीत.

नवीन माणूस गोंधळतो, म्हणून सांगून टाकतो. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी असेल तर माणूस मुलकी, म्हणजे याच मुलखातला, असल्याचा दाखला लागायचा. जन्म तरी इथला हवा, नाहीतर पंधरा वर्षांचा रहिवास. निजाम गेला तरी हा नियम बरीच वर्षं रेंगाळला, आणि काका तरुणपणी तोच दाखला दाखवून आदिलाबादच्या तहसील कचेरीत चिकटले. पुढे नियम गेला, काकाही रिटायर झाले. पण त्यांच्या ओसरीवर तो अजून लागू आहे, फक्त मुलूख म्हणजे आता आदिलाबाद जिल्हा.

"सरकारनं मोडला असंल," काका म्हणतात. "मी कुठं मोडला?"

कचेरीत ते पेशकार होते, म्हणजे सुनावणीच्या वेळी साहेबांच्या शेजारी बसून सगळं टिपून घेणारे कारकून. त्यांच्याबद्दल अशी ख्याती होती की पेशी, म्हणजे सुनावणी, सुरू झाली की हे डोळे मिटायचे आणि चक्क घोरायचे. वकील निर्धास्त होऊन एकमेकांत नको ते बोलून जायचे, आणि संध्याकाळी त्यातला शब्दन् शब्द कागदावर उतरलेला असायचा. खोटं नाही सांगत, जुने वकील अजून त्यांना वचकून असतात.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात आमची घरं समोरासमोर. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मूळ गाव मुधोळ. मी इथे राहायला आलो तेव्हा मुधोळ आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे काकांनी मला पहिल्याच दिवशी सागवानी खुर्ची दिली. चांगली काही वर्षं मी तीत पाय पसरून चहा प्यायलो. मग सरकारने जिल्हे फोडले आणि मुधोळ गेलं निर्मलमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा जाऊन बसलो, तर काका म्हणाले, "काऊन जी दत्ताभाऊ, नकाशा पाह्यला का? उठा."

"आवो काका, मी कुठं गेलो? मी तं हितंच बसून राह्यलो!"

"तुमी बसले हाय, पन तुमचं जन्मगाव उठून गेलं ना. आता आजपासून पंधरा वर्षं. मुद्दत भरली का दरखास्त द्या."

तेव्हापासून मी स्टुलावर. माझ्या वजनाने ते स्टूल कुरकुरतं आणि मी त्याच्यावर. पण चहा काकांकडेच चांगला मिळतो, काय करणार.

आणि हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असं नाही. भिंतीवरून उडी मारून येणारी एक पांढरी मांजर होती. तिला दूध मिळायचं, पण पायरीखाली. "पलीकडल्या गल्लीतली हाय," काका म्हणायचे. तिला त्याच पायरीखाली पिल्लं झाली, तेव्हा पिल्लांना मात्र ओसरीवर जागा मिळाली, कारण त्यांचा जन्म इथला. खुद्द काकू किनवटकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या. "पन बायकोला नवऱ्याची मुलकी लागते, कायद्यातच हाय. अक्षता पडल्या तवाच मंजूर करून टाकलं." काकू जाऊन बरीच वर्षं झाली. काका त्यांच्याबद्दल एवढंच बोलतात.

उरली रेणुका. एकुलती एक, उशिरा झालेली. इथल्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकली, हैद्राबादला लिफ्टच्या कंपनीत लागली आणि तिथून जर्मनीत गेली. आपल्याकडे लिफ्ट बंद पडली की लोक जिना चढतात, तिकडे रेणुकाला बोलावतात. कुशल कामगार म्हणून तिला तिथे राहायचं कार्ड मिळालं. नोकरी आहे तोवर राहा, अशा बोलीचं. काकांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काही विचारू नका. म्हातारपणी त्यांना आपला कायदा परदेशात सापडला होता!

"ही तं जर्मन मुलकी हाय!" ते म्हणाले, आणि मग त्यांच्या चौकशीला सुमार राहिला नाही. रविवारी रेणुकाचा व्हिडिओ कॉल आला की मला हाक मारायचे. मी स्टुलावर बसून फोन धरायचा आणि काकांनी उलटतपासणी घ्यायची.

"हे कार्ड कोन देते? तहसीलदार?"

"नाई बाबा, परदेशी लोकांचं वेगळं ऑफिस राह्यते."

"काय काय मांगते?"

"नोकरीचा करार, पगार, डिप्लोमा, घराचा पत्ता. आन त्यांच्या भाषेची परीक्षा."

"भाषा पायजेच. आमाला बी उर्दू लागेच. आन शिपायाला काय द्या लागते?"

"शिपाईच नाई तिथं."

शिपाई नसलेली कचेरी काकांच्या डोळ्यांसमोर उभीच राहीना. "मंग पुकारा कोन करते?" त्यांनी हळूच विचारलं. भिंतीवर नंबर उमटतो, असं रेणुकाने सांगितलं. त्या नंबराबद्दल ते मला आठवडाभर विचारत होते.

सगळ्यात मोठा आनंद त्यांना वेगळ्याच गोष्टीचा झाला होता. रेणुकाचा इथला डिप्लोमा तिकडच्या लोकांनी विषयवार तपासला आणि आपल्या शिक्षणाच्या बरोबरीचा ठरवला, तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले. "आदिलाबादचं सर्टिफिकेट जर्मनीत मंजूर!" प्रत्येक दारात हेच वाक्य. मांजरीलाही अर्धा पेढा मिळाला.

मग काका न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. रेणुका बिनपगारी रजा टाकून धावत आली.

खरं सांगतो, काकांच्या काळजीतसुद्धा माझ्या मनात एक चोरटी उत्सुकता होती, की हिला कुठे बसवणार? काकांनी आरामखुर्चीतून सागवानी खुर्चीकडे बोट केलं. "बापाची मुलकी लेकराला," ते म्हणाले. मी मुकाट्याने स्टूल ओढलं.

पुढचे महिने रेणुकाने बापाला अक्षरशः उभं केलं. सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून फाटकापर्यंत चालवायचं, औषधं, तेल, पथ्याचं जेवण. काका कुरकुरत चालायचे आणि ती मोठमोठ्याने "लेफ्ट, राइट" करायची. इतक्या वर्षांत त्या घरातून एवढा आवाज मी ऐकला नव्हता. काकांच्या अंगावर थोडं मांसही आलं.

एके दुपारी मी बसलो होतो. काका आरामखुर्चीत घोरत होते. मी सहज विचारलं, "कवा जातं वापस?"

रेणुका तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाई जात आता, दत्ताकाका."

मग तिने समजावून सांगितलं. सहा महिन्यांच्या वर जर्मनीबाहेर राहिलं की ते कार्ड आपोआप संपतं. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. नोकरी शोधा, वकिलातीत अर्ज करा, वाट पाहा. त्यातून तिला कायमचं कार्ड मिळायला थोडेच दिवस उरले होते. ते एकदा मिळालं की नोकरी गेली तरी देशातून काढत नाहीत.

"आन रजा बी कंपनी वाढवून देत नाई. सहा महिने भरत आले."

"अगं मंग जा ना बाई! इतकी मेहनत केली."

"बाबाले असं टाकून कशी जाऊ? संपंल तं संपंल कार्ड. हैद्राबादले पाहीन काई तरी." ती तुरीचं सूप उचलून आत गेली. काकांचं घोरणं एकसुरात चालू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मी, आमची ही आणि दोन शेजारी असताना रेणुका चहा देऊन सागवानी खुर्चीत टेकली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रेणुका, ऊठ. स्टुलावर बस."

ती हसली. "काऊन बाबा?"

"तू जर्मन मुलकी हाय. एका मानसाले दोन मुलकी भेटत नाई. हितं तू गैरमुलकी, पाव्हनी."

आम्हाला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण गंमत नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी तिला चुलीला हात लावू दिला नाही, पाहुण्याने काम करायचं नसतं म्हणून. तिच्या हातचं औषध घेईनात. कोपऱ्यावरच्या लक्ष्मीला स्वयंपाकाला आणि रात्री सोबतीला ठेवून घेतलं. लक्ष्मी तेलुगू बोलायची आणि भाजीत तिखट ओतायची. पथ्याचं खाणारे काका नाकाडोळ्यांतून पाणी गाळत म्हणायचे, "फर्स्ट क्लास!" चालताना रेणुका आधाराला आली की तिचा हात झटकायचे. "सरक. माझा मी चालतो."

एकदा ती रडत ओरडली, ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. "बाबा, हे माह्यं घर हाय!"

"नामंजूर," काका म्हणाले.

गल्लीत त्यांना नावं ठेवायला कोणी कसर सोडली नाही. नियमाच्या नादाने म्हाताऱ्याने पोटच्या पोरीला परकं केलं, असंच सगळे म्हणत होते. आमच्या हिने त्यांच्याकडे कढी पाठवणं बंद केलं. मलाही राग आला होता, आणि तो मी पाठ फिरवून, चहाला न जाऊन दाखवला. चार-सहा दिवसांत रेणुकाने चिडून तिकीट काढलं.

ती निघाली त्या सकाळी ऑटो दारात आला. मी बॅगा चढवायला गेलो. काका वॉकर ओसरीवरच ठेवून, भिंत धरत, मग भिंत सोडून, फाटकापर्यंत आले. एका हाताने फाटक धरून ताठ उभे राहिले. "पाह्य," ते म्हणाले, "चालते का नाई म्हातारा? उगंच काळजी करतं."

रेणुका पाया पडली. ऑटो सुरू झाला तरी ती मागे वळून पाहत होती, आणि काका हसत हात हलवत होते. ऑटो वळणाआड गेला.

मी घराकडे निघालो, तोच मागून आवाज आला, अगदी बारीक. "दत्ताभाऊ... वॉकर आना जी. पाय उचलून नाई राह्यला."

मी धावलो. दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरून ते थरथरत होते. घामाने सदरा भिजला होता. त्यांना वॉकरवर घेऊन ओसरीपर्यंत आणताना किती वेळ लागला असेल देव जाणे. आरामखुर्चीत टेकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सहा महिन्याच्या आंत पोचते ना जी पोरगी? कार्ड चालू राह्यते ना? तुमी तसदीक केलं का?"

"काका, तुमी तं त्या दिवशी झोपले होते ना?"

"पेशकार पेशीत झोपते काय?"

मला एकदम भडभडून आलं. मी सवयीने स्टूल ओढलं आणि बसायला गेलो.

"त्याच्यावर नोको," काका म्हणाले. "खुर्चीत बसा."

"माही मुद्दत कुठं भरली, काका?"

"मंजूर." त्यांनी स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं, खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि आरामखुर्चीला लागून ठेवलं. मी सागवानी खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांनी बसलो, पण पाय पसरावेसे वाटले नाहीत.

रेणुकाला पुढे कायमचं कार्ड मिळालं. व्हिडिओवर तिने ते दाखवलं तेव्हा काकांनी चष्मा चढवून दोन्ही बाजूंनी पाहिलं. तिने विचारलं, "बाबा, मी आता आली तं कुठं बसू?" काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि चुळबुळत आत निघून गेले. स्टुलाबद्दल मीच तिला सांगितलं. तिने फोन खाली ठेवला, आणि बराच वेळ पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

आता त्यांच्या ओसरीवर कोणीही आलं तरी सागवानी खुर्चीच मिळते, आणि एकाहून जास्त माणसं आली तर बाकीचे उभे राहतात. परवा नागपूरकडचा एक कापूस व्यापारी आला. मी खुर्चीत होतो, म्हणून त्याने सहज स्टुलाला हात घातला.

"नहीं, नहीं," काका घाईघाईने म्हणाले, "वो गैरमुलकी का है. हमारी बच्ची आयेगी ना, वो बैठेगी."

मी उठून त्याला खुर्ची दिली.