माणिकरावांचं चिनी नवं साल

"हैद्राबाद राहो की मुंबई येवो, आपल्या गावात मराठी मास्तरच राहीन! मी सांगून राह्यलो!" माणिकरावांनी पारावर मांडी ठोकली, अन् तेवढ्याच जोरानं त्यांची दाढ ठणकली.

साल छप्पन्न. निजामी मोडली होती, नव्या राज्यांची वाटणी चालली होती. आदिलाबाद जिल्ह्यातली, बेल्याकडची आमची गावं म्हणजे भावांच्या वाटणीत मधल्या खोलीत अडकलेलं कपाट. थोरला म्हणे माझं, धाकटा म्हणे माझं, कपाटाला कोणी विचारीना! तेवढ्यात खबर आली की शाळाखात्याचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येत आहेत. लोक कोणती भाषा बोलतात ते स्वतःच्या कानानं ऐकणार, अन् मराठी मास्तर ठेवायचा की तेलुगू धाडायचा ते जागेवर ठरवणार.

"तेलुगू तं आपल्याले येतेच," नागोराव पटेल म्हणाले. "बाजारात रोज बोलतो."

"बाजारात बोला ना, कोण नाई म्हणते? पण पोरगं घरी मायसंग जे बोलते, ते शाळेत गेल्यावर चूक कसं ठरते?"

अख्ख्या प्रकरणात माणिकराव शहाण्यासारखं बोलले ते एवढंच. बाकीची गोष्ट त्यापुढची.

अडचण अशी, की शाळेच्या खोलीत गावाचा कापूस छपरापर्यंत कोंबलेला होता आणि मास्तर पोरांसकट गोठ्यात! साहेबानं वर जाऊन एवढंच सांगितलं असतं, तरी मराठी राहिली बाजूला, शाळाच गेली असती.

दाढ काढायला माणिकराव आदिलाबादेत लिऊ नावाच्या चिनी दातवाल्याकडे गेले. दुकानात लाल कागदांच्या माळा. लिऊचं नवं साल जवळ आलं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. अन् गिऱ्हाइकाच्या तोंडात चिमटा असल्यावर मधे बोलायलाही कोणी नव्हतं.

"हमारे हर साल का एक जनावर होता," लिऊ सांगू लागला. "अबके बंदर का साल। पहले दिन झाड़ू नहीं मारना, नसीब बाहर चला जाता। दरवाजे पे लाल कागज लगाना, पटाखे फोड़ना। और चूल्हे का देवता साल के आखिर में ऊपर जाता, घर की सब बात मालिक को बोलता। तो हम उसके मुँह पे चिपचिपी मिठाई लगाता। मुँह बंद!"

अन् त्यानं दाढ उपटली. माणिकरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कळ लागली म्हणून नव्हे, अक्कल सुचली म्हणून!

"तुम कब पैदा हुए?" लिऊनं सहज विचारलं.

"हैद्राबाद में मुसी नदी को बड़ा पूर आया ना, उस साल."

लिऊनं बोटं मोजली. "अरे, तुम भी बंदर! अपना साल अपने को भारी जाता। इस साल कुछ बड़ा काम मत करो।"

"माझं साल अन् मलेच भारी?" माणिकराव गालात कापूस धरून गरजले. "पाह्यतोच मी!"

घरी रेणुकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी माकड हाये हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ओळखलं होतं. त्यासाठी चिन्याकडे काऊन जा लागलं?"

"अवं, आयक! साहेब बी वरच जाते ना, हैद्राबादले? मालकाजवळ चुगल्या करते ना? मंग तो बी चुलीचाच देव! त्याच्या तोंडाले असं काई चिकटव, का महिनाभर बोलला नाई पाह्यजे!"

रेणुकाबाई नवऱ्याला नावं ठेवत, पण काम चोख करत. गूळ, तीळ अन् उटनूरच्या जंगलातला डिंक एकत्र असा आटवला, की पळी उचलली तर कढई उठे, अन् कढईमागं चुलीची वीट!

साहेब आले ते नेमके चिनी नव्या सालाच्याच दिवशी. पहाटेपासून माणिकरावांनी गावातल्या झाडण्या जप्त करून कडब्यात लपवलेल्या. दारोदार लिऊकडून आणलेले लाल कागद. बाया अंगणातल्या शेणाकडे अन् माणिकरावांकडे एकाच नजरेनं पाहत होत्या.

जीप शिवारात शिरली अन् चपराशी ओरडला, "साहेब, मागं फिरा! अख्खं गाव लाल झालं! कम्युनिस्ट!"

तेवढ्यात माणिकरावांनी फटाक्यांच्या माळेला बत्ती दिली. तड् तड् तड् तड्! चपराशी जीपखाली गेला तो पाय धरून ओढावा लागला.

साहेबांचं नाव सुधाकरराव. राहणार औरंगाबाद. कपड्यांना इस्त्री, भाषेलाही इस्त्री. "हा काय प्रकार आहे?"

"नवं साल, साहेब!"

"गुढीपाडवा अद्याप दूर आहे."

"आमचा नाई. चिन्याचा!"

साहेबांची एक भुवई वर गेली ती खाली आली नाही. माणिकरावांनी घाईनं ताट पुढं केलं. "तोंड गोड करा, साहेब!"

"आधी आपण घ्यावे."

आता सगळ्या गावासमोर नाही कसं म्हणणार? माणिकरावांनी वडी तोंडात टाकली. साहेबांनी आपली वडी हळूच रुमालात बांधली. "मला गोड वर्ज्य आहे. घरी मुलांना देईन. तर ग्रामस्थहो, आपली मातृभाषा कोणती?"

माणिकराव उत्तर द्यायला गेले, तर दातांवर दात चिकटलेले!

माणिकरावांनी आशेनं नागोरावांकडे पाहिलं. नागोराव म्हणाले, "म्म्म्म." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळीकडे "म्म्म्म!" दात नसलेल्या म्हाताऱ्या भागाबाईच्या हिरड्यासुद्धा चिकटून बसलेल्या! माणिकरावांनी रेणुकाबाईंकडे डोळे वटारले. एकट्या त्यांचंच तोंड मोकळं होतं, कारण वाढणारी शेवटी खाते. पण साहेबापुढं बाईमाणसानं मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. त्या कुजबुजल्या, "देवाले दाखवल्याबिगर पाहुण्याच्या तोंडात घालू काय? अन् देवाले दाखवलं, तं परसाद गावाले वाटाले नोको?"

साहेबांनी तेलुगूत विचारलं. म्म्म्म. उर्दूत विचारलं. म्म्म्म. शेवटी ते चपराशाला म्हणाले, "लिहा. स्वागताची दोन वाक्ये पाठ केलेली; बाकी या गावाला मराठीचा गंध नाही. येथील मास्तर हलवावा."

हे ऐकलं अन् माणिकराव न्हाणीकडे धावले. बंबातलं कढत पाणी तांब्यानं तोंडात ओतलं. डिंक सुटला, अन् डिंकामागं जन्मभराची मराठी सुटली!

"ओ इस्त्रीची घडी! मराठीचा गंध नाई मनतं आमाले? पाळण्यात मराठीत रडलो, बैलाले मराठीत हाकलतो, बायकोच्या मराठीत शिव्या खातो! तुह्या जिभेवर बोंडअळी पडो! तुह्या पेनातली शाई नासो! तुह्या..."

पुढचं छापता येत नाही. एवढंच सांगतो, की बैलांनी माना वळवल्या, अन् पिंपळावरचे कावळे पोरांना घेऊन वेशीबाहेर गेले. साहेब डोळे मिटून उभे होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "संपले?"

"दम घेऊन राह्यलो!"

"मग ते खोडा," साहेब चपराशाला म्हणाले. "लिहा. हे गाव मराठी आहे, याविषयी तिळमात्र शंका उरली नाही. मास्तर कायम."

गावानं जयजयकार केला. "म्म्म्म्म!"

"पुढे लिहा. शाळेच्या खोलीतला कापूस मला खिडकीतून दिसला आहे; तो उद्या बाहेर निघावा. आणि माणिकराव यांची भाषा ऐकता, त्यांना शिक्षणाची तातडीची निकड आहे. त्यांना पहिल्या वर्गात बसवावे. ते गैरहजर राहिल्यास मास्तर परत बोलावण्यात येईल."

तेव्हा दुसऱ्या दिवशी आमचा शूर गडी, मिशांना पीळ देऊन, गुडघे कानाला लावून, नातवाच्या वयाच्या पोरांत बसला. पहिल्याच तासाला मास्तर हात जोडून म्हणाले, "माणिकराव, 'काऊन' नाही म्हणायचं. 'का' म्हणायचं. 'का'."

माणिकराव उभे राहिले. छाती पुढं काढली अन् म्हणाले, "काऊन?"