बुटांसाठी राजवाडा

माझ्या हुशारीविषयी मला कधीच शंका आली नाही. ते खातं आमच्या घरी साधनाकडे आहे.

गेल्या दोन वर्षांत तीन देवळांबाहेरून माझे चपलांचे तीन जोड गेले. त्यामुळे मुलीने, आरोहीने, पहिल्या पगारातून मला तपकिरी चामड्याचे बूट घेतले, तेव्हा मी शपथच घेतली. हे बूट कुठल्याही देवळाची पायरी बघणार नाहीत!

रविवारी साधना उदबत्तीची पिशवी घेऊन तयार. "अहो, त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ."

"छे! राजवाडा बघू. आठशे वर्षांपूर्वीचा आहे. आणि तिथे बूट काढावे लागत नाहीत!"

वरणात खडा लागावा तसं तिने माझ्याकडे पाहिलं. पण पुतण्या शेखरने गाडी सुरू केली होती. निघालो.

राजवाडा झकास होता. बूट मात्र नवे होते. दुसऱ्या जिन्यावर टाचांनी बंड पुकारलं! साधना आणि शेखर बुरुजावर फोटो काढायला गेले, आणि मला एक काळोखी खोली दिसली. फरशी माठासारखी गार! दाराशी बूट काढले, आत जाऊन मागच्या भिंतीला टेकलो, मांडी घातली आणि घटकाभर डोळे मिटले.

उघडले तर समोर केळं!

केळ्यामागे एक बाई हात जोडून उभ्या. बाईंमागे रांग. रांग पार दाराबाहेर!

"म्हाराज, पोराला नोकरी लागंल ना?"

"अहो बाई, मी महाराज नाही. मी नाशिकहून आलोय..."

"नाशिकचे म्हाराज हायेत!" बातमी मागे सरकत गेली. पुढच्या मिनिटाला दोन केळी आणखी आली.

आणि रांगेत, पेटवलेली उदबत्ती हातात घेऊन, साधना!

"अहो, तुम्ही? सरका बाजूला, गाभारा अडवून बसलाय!"

"कसला गाभारा? तुला कोणी सांगितलं?"

"बाहेर शंभर चपला पडल्यात. देव असल्याशिवाय लोक चपला काढतात होय?"

मी खुलासा करणार, इतक्यात शिट्टी वाजली. पहारेकरी धापा टाकत आत घुसला.

"ओ मावशी, उदबत्ती विझवा आधी! राजाच्या हत्तीचा चारा ठेवायची कोठी हाय ही! इथं पहिल्यांदा चपला काढल्या कोणी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"हो ना! कोण तो शहाणा?" सगळ्यांत मोठ्यांदा मीच विचारलं.

दोन मिनिटांत गर्दी पांगली. मी दाराशी धावलो. शंभर जोडांतली एकच वस्तू शिल्लक होती: चालताना पिपाणी वाजणारी लहान मुलाची चप्पल. तीही डाव्या पायाची.

"आरोहीचे बूट!" मी मटकन खाली बसलो. "तिला काय सांगू मी?"

साधनाने माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती हसली.

"शेखर, गाडी त्र्यंबकला घे रे! आता काकांकडे चोरीला जाण्यासारखं काही उरलं नाही."

दर्शन मात्र फार छान झालं. आत जाताना चप्पल स्टँडवाल्याने टोकन पुढे करून विचारलं, "बाबा, तुमचा जोड?"

मी छाती काढून म्हणालो, "राजवाड्यावर असतो!"