किल्ली डंकनरावांकडे

डंकनराव बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. इथे अमेरिकेत आमच्या शेजारी राहतात, मूळचे स्कॉटलंडचे, वय माझ्याएवढंच, म्हणजे सांगण्यासारखं नाही. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझी चप्पल आवडली की काय यांना. तर म्हणाले, "तोंड काहीही सांगतं. बॉल कुठे जाणार ते पाय सांगतात." मग माझ्या साडीच्या काठाकडे बघून नाराजीने मान हलवली. "तुमचं काही कळत नाही, काकू." सगळी सबडिव्हिजन, म्हणजे आमची कॉलनी, मला काकू म्हणते, म्हणून तेही म्हणतात.

म्हणे एके काळी स्कॉटलंडमध्ये पगारी फुटबॉलपटू होते. गोलकीपर. माझा काही विश्वास बसला नाही. खेळाडू म्हटला की भिंतीवर एखादा फोटो, कपाटात एखादा कप, निदान फुशारकी तरी हवी. यांना कुठली मॅच जिंकलात विचारलं, की लगेच बर्फाचा विषय काढणार. माझ्या मुलाने, निखिलने, नेटवर पुष्कळ शोधलं. "आई, या नावाचा फक्त एक डेंटिस्ट सापडतो."

बरं, काहीही हातात द्या, दोन्ही हातांनी झडप घालून छातीशी धरायचे आणि डावीउजवीकडे बघायचे. दिवाळीत लाडवांचा डबा दिला, तर असा कवटाळला, जणू मीच तो परत ओढून घेणार होते. गोलकीपर असं करत असतील. चोरही करतात.

तर अशा माणसाला घराची किल्ली द्यायची वेळ आली. डिसेंबरात आम्ही सगळे सांगलीला निघालो, भाचीच्या लग्नाला. प्रश्न होता तुळशीचा. इथल्या थंडीत ती घरात, खिडकीशी ठेवावी लागते. आमच्या ह्यांनी लावलेली. ते गेले, ती राहिली. तिला सोडून जायला माझं मन घेईना. ओळखीची मराठी मंडळी तर झाडून सारी डिसेंबरात इंडियाला जातात. उरले डंकनराव. किल्ली त्यांनी छातीशी धरली आणि डावीउजवीकडे बघितलं.

हळदीच्या संध्याकाळी निखिलच्या फोनवर इथल्या दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. "आई, डंकन आत जाऊन किती वेळ झाला. अजून बाहेर आला नाही."

"तांब्याभर पाणी घालायला?"

"थांब, आला बघ."

पायरीवर उभे राहून डंकनराव दोन्ही हात हवेत गरागरा फिरवत होते. मग पुन्हा आत. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. माझी बहीण म्हणाली, "अगं, साथीदाराला खुणा करतोय तो. तुझी चांदीची भांडी कुठे आहेत?" लेकीचं लग्न तिच्या, आणि हळद सोडून फोनला डोळे लावून बसले मी.

परत आल्यावर कोटही न काढता मी आधी खिडकीकडे धावले. तुळस तरतरीत होती, मंजिऱ्या आलेल्या. मग चांदी पाहिली. जागच्या जागी. फक्त जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तुळशीशेजारी ओढलेली होती.

डंकनराव किल्ली द्यायला आले तेव्हा विचारलंच मी. "पाणी घालायला इतका वेळ कशाला लागत होता हो?"

ते गोंधळले. "तुम्हीच सांगितलंत ना? उभ्या उभ्या जाऊ नका, बसा म्हणून."

आता बघा, हे मी पोस्टमनलासुद्धा म्हणते. आपल्याकडे ते कुणी मनावर घेतं का?

"किती वेळ ते नाही सांगितलंत," डंकनराव म्हणाले. "मग मी एका मॅचइतका बसायचो. हाफ टाइमला बाहेर येऊन वॉर्म-अप करायचो."

"आणि नुसतं बसून करायचात काय?"

"तेच तर माझं काम होतं, काकू." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे राखीव गोलकीपर. मुख्य गोलकीपरला काही झालं तरच यांनी उतरायचं. "चांगला होता बिचारा. पण तब्येत अशी, की साधी सर्दी व्हायची नाही त्याला." पुढे अमेरिकेतल्या एका टीमने बोलावलं, तर यांची पाळी यायच्या आत ती टीमच बंद पडली. मग रिटायर होईपर्यंत कार्पेट विकली.

"वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"खेळायला मिळालं नाही त्याचं नाही." ते तुळशीकडे बघत होते. "मॉयरा यायची ना. माझी बायको. प्रत्येक मॅचला, पावसात, थर्मास घेऊन. सगळे खेळणाऱ्यांना बघायचे, ती आमच्या बाकाकडे बघायची. आता घरी बसलो तर कुणी बघत नाही. इथे निदान ही होती."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्यांच्याकडे सरकवली.

"ठेवा तुमच्याकडेच."

"तुम्ही तर आता घरीच असणार."

"असेन की. तरी ठेवा."