विहिणींनी डबा मागितला

गुन्सान बंदरातल्या ग्वांगसिकने बत्तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली, पण स्वयंपाकघरात त्याला साधं मीठ सापडत नसे. त्या शनिवारी दुपारी मुलीच्या, ह्येरिनच्या, होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती. बायको ओकबुन सकाळीच केस कुरळे करून घ्यायला गेली आणि तिथेच अडकली. तिने फोनवरून नवऱ्याला मुळ्याच्या झटपट लोणच्याचं काम लावलं. मुळ्याच्या चौकोनी फोडी करायच्या. मग वाटीभर पाणी, वाटीभर व्हिनेगर, साखर आणि मीठ. व्हिनेगर ओट्याखालच्या बिनचिठ्ठीच्या बाटलीत आहे.

ओट्याखाली तशा दोन बाटल्या होत्या. दुसरीत माशाचा वास मारायला ठेवलेली सोजू, म्हणजे तिकडची तांदळाची दारू. ग्वांगसिकचं नाक सर्दीने चोंदलेलं. त्याने पुढची बाटली उचलली आणि हात सैल सोडून, सगळं दुप्पट घालून मोठं भांडं भरलं.

होणारे व्याही नामसाहेब चर्चचे कारभारी. जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. लग्न चर्चमध्येच व्हावं हा त्यांचा हट्ट, आणि पोरांना ते समुद्रकाठी हवं होतं. बायको आणि मुलाच्या मधे ते ताठ मानेने बसले आणि तिखटजाळ मासा खाऊ लागले. डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी मुळ्याचं गार पाणी वाटीने प्यायला सुरुवात केली. एक वाटी झाली, दुसरी झाली.

पाहुण्यांच्या जेमतेम आधी घरी पोचलेल्या ओकबुनने तेवढ्यात एक फोड तोंडात टाकली आणि तिचा चेहरा पडला. नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून तिने विचारलं, "अहो, कुठली बाटली घेतलीत?"

त्याने दाखवली. तिने बूच काढून हुंगलं, सोजूच होती. मग दोघं भांडं उचलायला बाहेर धावले, पण नामसाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्यांची मान आता ताठ नव्हती. तरुणपणी बायकोला नुसतं बघायला आपण वर्षभर चुकीच्या बसने कसे जात होतो, ते रंगवून सांगत होते. मुलगा लग्न करून दूर जाईल म्हणून झोप लागत नाही, हेही सांगून टाकलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि ग्वांगसिकचा हात धरला.

"लग्न समुद्रकाठीच करू, व्याही," ते म्हणाले. "देव काय तिथे येत नाही?"

निघताना मुलाने त्यांना धरून जिना उतरवला. दारात बूट घालणाऱ्या विहिणीपुढे ओकबुन हात जोडून उभी राहिली. तिने अडखळत बाटलीचं खरं सांगून टाकलं.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या फोडीलाच कळलं मला. माझ्या माहेरी दारू गाळायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तो बसचा किस्सा मी आज पहिल्यांदा ऐकला. एकतीस वर्षं झाली लग्नाला." त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उरलं असेल तर डबाभर द्या ना. उद्या यांना सासूबाईंबद्दल विचारायचंय."