आमचा शेरीफ मेस्त्री

कतारमधल्या आमच्या अल खोरच्या कामगार कॅम्पात बाबू मेस्त्री कुणाला नुसती मान हलवू देत नाही. त्यानं चहा हवा का विचारलं आणि तुम्ही मान डोलावलीत, तर चहा मिळत नाही. "मोठ्यान सांग, माका आयकाक येना." कान ठणठणीत आहेत हो त्याचे.

मेस्त्री मालवणकडचा इलेक्ट्रिशियन. नोकरी संपवून परतलेल्या एका अमेरिकन साहेबाचं इतिहासाचं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि आमचे ग्रह फिरले. जुन्या काळी म्हणे तिकडे निवडणूक घ्यायचा तो जिल्ह्याचा शेरीफ. चिठ्ठी नाही, पेटी नाही. मतदारानं शेरीफसमोर उभं राहून नाव मोठ्यानं सांगायचं, उमेदवारानं तिथल्या तिथे आभार मानायचे. झालं, आमच्या मेसचा सेक्रेटरी तेव्हापासून असाच निवडला जातो. तिकडचे उमेदवार दारू पाजायचे, आमचे इथला दाट दुधाचा करक चहा पाजतात. शिफ्टची शेवटची बस आल्याशिवाय मेस्त्री मतदान बंद करत नाही.

गेल्या शुक्रवारी जाधवविरुद्ध नामदेव उभा राहिला. नामदेव लातूरकडचा वेल्डर, अबोल. आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं. जाधवनं मात्र सुरमई कबूल केलेली. एकेक जण पुढे येऊन "जाधव" म्हणू लागला. मीही म्हणालो, सुरमईपुढे कसली तत्त्वं? शेवटची बस आली, तीही सगळी जाधवची. उमेदवारानं स्वतःला मत द्यायचं नाही असा नियम, त्यामुळे मेस्त्रीच्या मतांच्या वहीत नामदेवच्या नावापुढची जागा कोरीच. तो खाली मान घालून बसला होता. मला माझीच लाज वाटली.

"यल्ला, चला, करा बंद," जाधव म्हणाला.

मेस्त्री उठला, वही माझ्या हातात दिली आणि स्वतः मतदाराच्या जागी जाऊन उभा राहिला. बरोबरी झाली तरच शेरीफनं मत द्यायचं, हे त्यानंच आम्हाला शंभरदा ऐकवलेलं.

"बाबू मेस्त्री," तो खणखणीत म्हणाला. "माजां मत नामदेवाक."

नामदेव उठून पुढे आला. त्यानं मेस्त्रीचे दोन्ही हात धरले. आम्ही टाळ्या वाजवल्या, जाधवनंसुद्धा.

नंतर चहा पिताना मी छेडलं, "शेरीफ, नियम मोडलास की रे."

"गावात पंचायतीक उभो रवलेलंय," तो हळूच म्हणाला. "पेटयेत एकच मत गावलां, माजां. घरात मतां चार. बाकीची तीन खंय गेली, ता अजून कळूक नाय. मीया कधी इचारूक नाय."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बोल गो," म्हणत मेस्त्री तोंडभर हसला आणि निवडणुकीची सगळी गंमत तिला रंगवून सांगू लागला. आपण कुणाला मत दिलं, तेवढं सोडून.