वझीर उंट आणि त्याचा हुशार विद्यार्थी

एका जंगलात एक उंट वझीर होता. बाळांनो, जंगलात उंट कसा, असं विचारू नका. हे जंगल इराणच्या बाजूचं होतं. तिकडे झाडं कमी आणि वाळू जास्त. पण गोष्ट म्हटली की जंगल लागतंच.

उंटाचं नाव फर्रुखबख्त. म्हातारा सिंह वारला तेव्हा युवराज बहराम एवढासा बछडा होता. त्याला मुकुट घातला तर तो नाकावर यायचा. मग राज्य कोणी चालवायचं? उंटाने चालवलं. रस्ते केले, विहिरी खणल्या, गावोगाव शाळा काढल्या. प्रत्येक शाळेला स्वतःचं नाव दिलं. थोरला मुलगा पाणवठ्यावर नेमला, धाकटा कुरणावर. जावई कोतवाल झाला. लायक माणसं घरातच सापडली, याला उंट तरी काय करणार?

बहराम मोठा झाला, आयाळ आली, तरी उंट त्याला रोज सकाळी राजनीती शिकवायचा. बहराम रोज सकाळी डुलक्या घ्यायचा. दोघांचंही छान चाललं होतं.

पण मध्येच एक कोल्हा उपटला. त्याचं नाव शीरीनजबान. तो बहरामला शिकारीला न्यायचा आणि हरिण निसटलं तरी म्हणायचा, "काय झेप होती, हुजूर!" बहराम त्याच्यावर खूश होता. उंटाला ते बघवेना.

"उद्याच्या धड्यात कोल्ह्याचा काटा काढतो," तो बायकोला म्हणाला.

गुलअंदाम उंटीण काटेरी झुडूप चघळत होती. "अहो, शिकवताय ते जरा जपून शिकवा."

"तू काळजी करू नकोस. मी राजनीती कोळून प्यायलोय."

दुसऱ्या दिवशी उंटाने धडा सुरू केला. "महाराज, जो नोकर डोईजड होतो, त्याला राजाने वेळीच दूर करावं. मग तो कितीही जवळचा असो."

बहरामने एक डोळा उघडला. "डोईजड झालाय हे ओळखायचं कसं?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. उंटाला भरून आलं. "सोपं आहे. मोक्याच्या जागांवर कोणाचे नातेवाईक बसलेत ते बघावं. आणि प्रजेला विचारावं की राज्य कोणाचं."

कोल्ह्याचा एक मेव्हणा राजवाड्यात पंखा हलवायचा. उंटाच्या डोळ्यांसमोर तोच होता.

"चला, विचारूनच बघू," बहराम म्हणाला.

दोघे पाणवठ्यावर गेले. उंटाचा थोरला मुलगा लगबगीने वाट करून देऊ लागला. काठावर एक म्हातारं कासव ऊन खात पडलं होतं.

"आजोबा, हे राज्य कोणाचं?" बहरामने विचारलं.

"उंटसाहेबांचं."

"आणि मी कोण?"

कासवाने मान लांब करून नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्याकडे शिकायला असता, ते ना?"

उंटाला हसू आलं. प्रजा किती भोळी असते, असं त्याला वाटलं. बहराम मात्र हसला नाही. परतताना वाटेत कुरण लागलं, कोतवाली लागली. बहराम दोन्हीकडे थांबला, कोण बसलंय ते बघितलं आणि पुढे निघाला.

संध्याकाळी दरबार भरला. कोल्ह्याला निरोप देताना काय बोलायचं, ते उंटाने पाठ करून ठेवलं होतं.

"एका डोईजड नोकराला मी आज दूर करतोय," बहराम म्हणाला. "वझीरसाहेब, ते तुम्ही."

उंट त्या उत्तरात चूक शोधू लागला. नातेवाईक बघितले होते. प्रजेला विचारलं होतं. चूक कुठेच नव्हती.

"बरोबर आहे," त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

दरबारात टाळ्या पडल्या. पहिली टाळी कोतवाल जावयाने वाजवली. त्याला नोकरी टिकवायची होती.

कोल्हा वझीर झाला. "महाराजांना आता शिकायचं काही उरलेलं नाही," असं सांगून त्याने पहिल्याच दिवशी सकाळचा धडा बंद केला. त्या वेळेत बहराम शिकारीला जाऊ लागला. मग हळूहळू कोल्ह्याचा मेव्हणा पाणवठ्यावर आला, भाचा कुरणावर. शाळांवरच्या पाट्या बदलल्या. कासवाला कोणी काही विचारलं नाही.

उंटाला मिठाच्या तांड्यात काम मिळालं. पाठीवर पोती घेऊन तो आणि गुलअंदाम वाळू तुडवत चालले होते.

"सांगत होते मी," ती म्हणाली.

उंटाने पाठीवरची पोती सावरली. मग म्हणाला, "पण पोरगा हुशार निघाला हं. एका धड्यात शिकला."

गुलअंदामने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुढच्या विहिरीकडे भराभर चालू लागली.

तात्पर्य : शिक्षणाने राजा शहाणा होतो. म्हणूनच शहाणे वझीर राजाला शिकारीला पाठवतात.